सेनिओ नदी किती पावलांची आहे

श्री

बेळगाव,
नागपंचमीनंतरचा रविवार

चि. लेकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी बॅग तुझ्या आईने काल रात्री भरली, काट्यावर दीड किलो जास्त भरली म्हणून पुन्हा उपसली, आणि त्या गडबडीत मला तुझ्याशी जे बोलायचे होते ते राहून गेले. खरे म्हणजे ते काल राहिले असे नाही, गेली कितीतरी वर्षे राहूनच जात आहे. समोर बसलो की मी गिअरबॉक्सवर बोलतो, टायरवर बोलतो, तुझ्या प्रोजेक्टमधल्या सस्पेन्शनवर बोलतो आणि नेमक्या त्या गोष्टीपाशी आलो की चहा मागतो. म्हणून हे लिहून देत आहे. विमानात वाचू नकोस, मोडेनाला खोली लावून झाली, झोप पुरी झाली की मग वाच.

तू मोटारींचे इंजिनिअरिंग शिकायला निघाली आहेस ते गाव फेरारीचे म्हणून गल्लीतल्या सगळ्यांना आता पाठ झाले आहे. मला मात्र मोडेना म्हटले की आणखी एक नाव आठवते. तिथून पूर्वेला, शंभर किलोमीटरच्या आत, सेनिओ नावाची एक नदी आहे. तुझे आजोबा १९४५ च्या एप्रिलमध्ये त्या नदीवर होते. हे मी तुला आजवर सांगितलेले नाही.

तुला आजोबा ठाऊक आहेत ते भिंतीवरच्या फोटोतले आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातल्या पदकांमधले. तू लहानपणी त्या डब्यातली सहा टोकांची चांदणी काढून खेळत असायचीस, तिच्या फितीवर हिरवा, पांढरा आणि तांबडा रंग आहे. ते पदक म्हणजे इटली स्टार. आप्पांचा जन्म खानापूर तालुक्यातला. एकोणिसाव्या वर्षी, १९४१ मध्ये, ते चालत बेळगावात आले आणि कॅम्पात भरती झाले. मराठा पलटणीचे केंद्र १९२२ पासून आपल्या गावात आहे, त्यामुळे आपल्याकडच्या धाकट्या भावांना शेती वाटून पुरली नाही की हा रस्ता सगळ्यांनाच माहीत असे. आप्पा पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे ज्याला आपण जंगी पलटण म्हणतो तिच्यात गेले, आणि गाडी चालवण्याचा हात चांगला दिसला म्हणून त्यांना कॅरिअरवर घेतले.

कॅरिअर म्हणजे काय ते तुला आवडेल म्हणून सांगतो. रणगाड्यासारखी पट्ट्यांवर चालणारी, पण वरून उघडी, बुटकी गाडी. तिच्या मधोमध फोर्डचे व्ही-८ इंजिन असे आणि माणसे त्याच्या दोन्ही बाजूंना बसत. चालकाने चाक थोडेच फिरवले तर पट्टे बाजूला वाकत आणि गाडी हलके वळण घेई. जास्त फिरवले तर एका बाजूच्या पट्ट्याला ब्रेक लागे आणि ती जागच्या जागी फिरे. इंजिन आणि सुकाणू यांच्याविषयी आप्पा इतके सांगत. ती गाडी कुठे चालवली, तिच्यातून काय नेले, हे विचारले की ते उठून हात धुवायला जात.

ते युद्धातून परत आले ते १९४६ साली. त्यानंतर त्यांनी कॅम्पातल्या एका गॅरेजमध्ये तीस वर्षे मेकॅनिक म्हणून काम केले. मी १९५६ चा, बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले त्याच वर्षीचा. तेव्हापासून या गावाने पुष्कळ घोषणा ऐकल्या, पुष्कळ सभा पाहिल्या, आणि आमच्या घराच्या ओसरीवर त्यांवर रात्र रात्र वाद झाले. आप्पा मराठीसाठी मोर्चात चालले, पोलिसांच्या लाठ्या त्यांनी पाहिल्या, त्याविषयी ते मोकळेपणाने बोलत. म्हणजे मूळचा स्वभाव अबोल होता असे म्हणता येणार नाही. त्यांच्या बोलण्यात एकच खोली कुलूपबंद होती, आणि घरातले आम्ही सगळे त्या दारावरून चवड्यांवर चालत असू.

त्या कुलपाच्या काही खुणा मात्र बाहेर दिसत. आप्पा शेताच्या बांधावरून कधीही चालत नसत. गावी गेलो की आजी, काका, आम्ही पोरे, सगळे बांधावरून एका ओळीत जात असू आणि आप्पा खाली, भाताच्या चिखलात पाय घालून, गुडघ्यापर्यंत भिजून यायचे. काका हसत, पण आप्पा उत्तर देत नसत. दुसरी खूण भाऊबीजेची. त्या दिवशी पहाटे, आमच्या आत्याकडे जाण्याआधी, ते सायकलला पिशवी लावून जांबोटीच्या बाजूच्या एका वाडीला जात आणि उन्हे वर आली की परत येत. पिशवीत लुगडे आणि गुळाची ढेप असे. आईने कधी विचारले नाही. ती कुणाची ओवाळणी होती ते मला फार उशिरा कळले.

आणि १९७१ चा डिसेंबर. मी पंधरा वर्षांचा होतो. बांगलादेशच्या युद्धात जमालपूरला जंगी पलटणीने विजय मिळवल्याची बातमी आली तेव्हा बेळगावात जो आनंद झाला तो मी कधी विसरणार नाही, कारण ती पलटण आपली होती, प्रत्येक गल्लीतला कुणी ना कुणी तिच्यात होता. शेजारची माणसे पेढे घेऊन गॅरेजवर आली. जुन्या जंगी पलटणवाल्याला पेढा भरवायचा होता. आप्पा एका फियाटखाली झोपून काम करत होते. ते बाहेर आलेच नाहीत. माणसे गेली, दिवे लागले, फियाटचे काम कधीच संपले होते हे मला दिसत होते, आणि तरी ते खालीच होते. मी खाली वाकून पाहिले तेव्हा ते हातातला पाना छातीवर ठेवून वर बघत पडले होते. मला त्या दिवशी त्यांचा राग आला. आपले वडील भित्रे होते की काय, असा विचार माझ्या मनात आला, आणि तो पुढची आठ वर्षे मी कुणाला न सांगता बाळगला. हे तुला लिहिताना माझा हात जड होतो आहे, पण पत्र खरे लिहायचे तर ते गाळता येणार नाही.

आता गाड्यांविषयी, कारण त्या नसत्या तर माझ्याकडे सांगण्यासारखे काहीच उरले नसते.

कॅम्पात तेव्हा सैन्यातले अधिकारी बदलून येत-जात, आणि त्यातला एखादा आपल्याबरोबर स्पोर्ट्स कार घेऊन येई. गावातल्या लोकांना त्या गाड्यांचे हसू येई. दोनच माणसे बसतात, वर छप्पर नाही, सामान ठेवायला जागा नाही, बैलगाडी परवडली, असे ते म्हणत. आप्पांना मात्र अशी गाडी गॅरेजमध्ये आली की सणासारखे वाटे. “दोघंच बसतात, तेच बरं हाय,” एवढेच ते म्हणत. मला ते वाक्य गाडीच्या वजनाविषयी आहे असे वाटे, कारण हलकी गाडी चांगली वळते हे त्यांनीच शिकवले होते.

त्यातली एक एम.जी. टी.सी. होती. ही गाडी १९४५ ते १९४९ या काळात सुमारे दहा हजार इतकीच तयार झाली. १२५० सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, ५४ अश्वशक्ती, उंच तारेची चाके, पत्र्याखाली लाकडाचा सांगाडा आणि एस.यू.चे दोन कार्बोरेटर. आप्पांनी मला मोटार शिकवली ती या कार्बोरेटरांवर. दोन कार्बोरेटर असले की दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे. एक जास्त ओढू लागला की इंजिन लंगडते. त्यासाठी आप्पांकडे हातभर लांबीची रबरी नळी होती. तिचे एक टोक कानात धरायचे, दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी न्यायचे, आणि हवेचा फूत्कार ऐकायचा. मग दुसऱ्याचा ऐकायचा. मग स्क्रू अगदी पाव फेरा फिरवून पुन्हा पहिल्याकडे. दोन्ही आवाज एक झाले की नळी ते माझ्या कानात देत आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत. मी मान डोलावली की त्यांना बरे वाटे. मी सात-आठ वर्षांचा होतो तेव्हापासून हे चालू होते. आम्ही दोघे एकमेकांशी काही न बोलता अर्धा अर्धा तास त्या इंजिनापाशी उभे राहत असू आणि तो आमचा सगळ्यांत जवळचा वेळ असे.

दुसरी गोष्ट म्हणजे मासिके. अधिकाऱ्यांच्या बंगल्यांवरून रद्दीत निघालेली विलायती मोटार मासिके आप्पा शेराने विकत आणत. इंग्रजी त्यांना फारसे येत नसे, मी शाळेत शिकलेले तोडके-मोडके वाचून दाखवी. त्यात १९५५ च्या मिल्ले मिल्याचे वर्णन होते. हजार मैलांची शर्यत, ब्रेशियाहून निघून इटलीच्या पूर्व किनाऱ्याने खाली पेस्कारापर्यंत, तिथून डोंगर ओलांडून रोम, आणि फ्लॉरेन्स व बोलोन्यावरून पुन्हा ब्रेशिया. तीही बंद ट्रॅकवर नव्हे, रोजच्या गावांमधल्या रोजच्या रस्त्यांवर. स्टर्लिंग मॉसने मर्सिडीज ३०० एस.एल.आर. घेऊन ती १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत पुरी केली, ताशी सरासरी १५७ किलोमीटरच्या वर. शेजारी डेनिस जेंकिन्सन हा पत्रकार बसला होता. त्याने सगळ्या रस्त्याची वळणे आधी फिरून एका लांबलचक कागदावर उतरवली होती आणि ती गुंडाळी डब्यात बसवून तो फिरवत होता. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येत नसे, म्हणून पुढे काय आहे ते तो मॉसला हाताच्या खुणांनी सांगत होता. दहा तास दोघे शेजारी बसले आणि केवळ हातांनी बोलले. आप्पांना हा भाग इतका आवडे की मी तो त्यांना किती वेळा वाचून दाखवला याची गणती नाही.

त्या लेखाबरोबर शर्यतीच्या मार्गाचा नकाशा होता. आप्पांनी तो कापून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला. संध्याकाळी ते ट्रंक उघडत आणि बोटाने तो रस्ता फिरत. रावेन्ना, फोर्ली, पेस्कारा, फ्लॉरेन्स ही नावे त्यांना वाचता येत नसताना ते अचूक उच्चारत. मला त्याचे नवल वाटे आणि अभिमानही वाटे; वडिलांना शर्यतीचे एवढे वेड आहे की त्यांनी इटालियन नावे पाठ केली, असे मी शाळेत सांगत असे. पेस्काराच्या जरा खाली त्यांचे बोट थांबे. मग रावेन्ना आणि फोर्ली यांच्यापाशी येऊन ते रस्ता सोडून आत, जिथे नकाशावर कोरा कागद होता तिथे जाई, आणि तिथे बराच वेळ राही.

एकदा एका अंकात फेरारीचे चित्र आले, नाकावर उधळलेला काळा घोडा. आप्पा म्हणाले, “ह्यो घोडा मी बघितलाय.” कुठे, असे मी विचारले. त्यांनी अंक मिटला आणि ते हात धुवायला गेले.

१९७४ मध्ये ती एम.जी. गॅरेजच्या मागे भंगारात पडली होती. मालक बदलून गेला होता, इंजिनाचा क्रँक गेला होता, लाकडी सांगाड्याला वाळवी लागली होती. आप्पांनी भंगाराच्या भावाने ती घेतली. आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही, आणि तिचेही बरोबर होते, कारण घराची कौले गळत होती. ती गाडी उभी करायला आम्हा दोघांना पाच वर्षे लागली. मी तोवर उद्यमबागेत लेथवर कामाला लागलो होतो, त्यामुळे बुश, पिना, स्पिंडल असे सुटे भाग मी सुट्टीच्या दिवशी वळून आणत असे. सांगाडा मूळचा अॅश लाकडाचा. आपल्याकडे ते कुठून मिळणार, म्हणून खानापूरच्या सुताराकडून सागवानात करून घेतला. पिस्टन रिंगांसाठी मी मुंबईच्या चोर बाजारात तीन फेऱ्या मारल्या. या इंजिनाचे एक वैशिष्ट्य तुला तिथे कुणी सांगणार नाही म्हणून लिहितो: त्याच्या बोल्टांची डोकी विलायती विटवर्थ मापाची आहेत आणि आटे मात्र मेट्रिक, कारण मॉरिस कंपनीने हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंग्लंडमधला कारखाना घेतला तेव्हा यंत्रेही त्यांचीच आली. हे कळेपर्यंत आम्ही किती बोल्ट वाया घालवले असतील!

१९७९ च्या गणपतीनंतर गाडी चालू झाली. पुणे-बंगळूर रस्त्यावर काकतीच्या पुढे आप्पांनी ती ताशी साठ मैलांवर नेली, सत्तावन्न वर्षांचा माणूस, डोक्याला टॉवेल बांधलेला, आणि डोळ्यांतून पाणी. वाऱ्याने येते, असे ते म्हणाले. त्या डिसेंबरमध्ये आम्ही दोघे गोव्याला गेलो, लोंढ्यावरून अनमोड घाटाने. परतताना रात्री घाट चढून आल्यावर इंजिन तापले. गाडी कडेला घेतली, बोनेटच्या दोन्ही बाजू उघडल्या आणि रेडिएटर निवण्याची वाट बघत उभे राहिलो. दाट जंगल, धुके, एकही गाडी नाही. मी काहीही विचारले नव्हते.

आप्पा म्हणाले, “त्या सांजेला आपल्या भागातली तिघं माझ्याच गाडीवर बसून नदीपतोर गेली. मी त्यांस्नी उतरवलं. मग रातभर खेपा केल्या. जाताना दारूगोळा, येताना जखमी. परतेक खेपेला मी बघायचो, त्यातलं कोण हाय काय. नव्हतं कोण.”

बऱ्याच वेळाने ते पुन्हा म्हणाले, “इंजन एकदाबी बंद पडलं नाही गा.”

मला काय बोलावे ते सुचेना. शेवटी मी विचारले ते इतकेच, की नदी केवढी होती. ते म्हणाले, “आपल्या मार्कंडेयाएवढी. केवढीशी.” मग त्यांनी रेडिएटरच्या झाकणावर फडके टाकून हात लावून पाहिला, पाणी घातले, हँडल मारले, आणि आम्ही बेळगावला आलो. त्यानंतर १९९६ मध्ये ते जाईपर्यंत आमचे त्या विषयावर एक शब्दही बोलणे झाले नाही. मी मनात बाळगलेला तो राग मात्र त्या रात्री गेला. माफी मागावी असे मला फार वाटले, पण ज्या अपराधाची त्यांना कल्पनाच नव्हती त्याची माफी कशी मागणार, म्हणून गप्प राहिलो. आता वाटते, मागायला हवी होती.

पुढचे मी स्वतः शोधले, पुस्तकांतून आणि पलटणीतल्या म्हाताऱ्यांकडून. जंगी पलटण जिच्यात होती ती आठवी भारतीय डिव्हिजन सप्टेंबर १९४३ मध्ये टारांटोला उतरली आणि किनाऱ्याने वर सरकत सांग्रो आणि मोरो नद्यांच्या चिखलात त्या हिवाळ्यात अडकली. पेस्कारा गाठायचे होते ते राहिले. आप्पांचे बोट पेस्काराच्या खाली थांबे ते इथे. पुढे कसिनोची लढाई, फ्लॉरेन्स, अपेनाइन पर्वतातला बर्फ, आणि शेवटी सेनिओ. ही नदी मैदानातली, लहान, पण पुराचे पाणी आवरण्यासाठी तिच्या दोन्ही काठांना घराएवढे उंच मातीचे बांध घातलेले. जर्मनांनी त्या बांधांत बोगदे खणून मोर्चे केले होते आणि उतारावर सुरुंग पेरले होते. ९ एप्रिल १९४५ च्या दुपारी ८०० हून अधिक बाँबफेकी विमाने आली, तोफा चालल्या, आगीचे फवारे मारणाऱ्या गाड्या बांधाशी गेल्या, आणि संध्याकाळी पायदळ पाण्यात उतरले. त्यात आपल्या जंगी पलटणीचा शिपाई नामदेव जाधव होता. त्याने दोन जखमी साथीदारांना एकामागून एक पाठीवर घेऊन खोल पाण्यातून आणि सुरुंगांतून अलीकडे आणले, मग परत जाऊन एकट्याने मशीनगनचे मोर्चे मोडले. हाताला गोळी लागून बंदूक धरता येईना तेव्हा हातगोळे फेकले, आणि बांधावर उभे राहून शिवाजी महाराजांच्या नावाची आरोळी ठोकली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचे सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. त्याच दिवशी त्याच नदीवर, त्याच डिव्हिजनमधल्या अली हैदरलाही मिळाला. पुढे तो पाकिस्तानचा झाला.

मी हे वाचले तेव्हा रात्री उठून अंगणात गेलो. आप्पा शेताच्या बांधावरून का चालत नसत, हे विचारायला घरात कुणी उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी, १० एप्रिलला, लुगो हे गाव मुक्त झाले. सेनिओपासून ते अगदी जवळ आहे. फ्रान्सेस्को बाराक्का हा इटलीचा पहिल्या महायुद्धातला मोठा वैमानिक त्या गावचा. त्याने ३४ विमाने पाडली आणि जून १९१८ मध्ये तो मारला गेला. त्याच्या विमानावर उधळलेला घोडा रंगवलेला असे. १९२३ मध्ये रावेन्नाजवळची शर्यत जिंकल्यावर एन्झो फेरारीची बाराक्काच्या वडिलांशी ओळख झाली, आणि पुढे बाराक्काच्या आईने सांगितले की माझ्या मुलाचा घोडा तुझ्या गाडीवर लाव, तो तुला लाभेल. फेरारीने त्या काळ्या घोड्यामागे मोडेनाचा पिवळा रंग भरला आणि १९३२ पासून तो त्याच्या गाड्यांवर आला. लुगोच्या चौकात बाराक्काचे उंच स्मारक १९३६ पासून उभे आहे. ती रात्र काढून, ते तिघे सापडले नसताना, आप्पा त्या गावातून गेले असतील. “ह्यो घोडा मी बघितलाय,” हे वाक्य मी तेव्हापासून तिथे नेऊन ठेवले आहे.

आणि स्पोर्ट्स कारचे प्रेम. मोडेनात तुला पुष्कळ लोक भेटतील ज्यांना वेग आवडतो, आवाज आवडतो, रेष आवडते. आप्पांनाही ते आवडे. परंतु मला वाटते त्यांना सगळ्यांत जास्त हे आवडे, की या गाडीत बसवून कुणालाही कुठे पोचवायचे नसते. मागे जागाच नाही. शेजारी एक माणूस बसतो, आणि जो बसून जातो तोच बसून परत येतो. दोघंच बसतात, तेच बरं.

गाडी आम्ही १९८६ मध्ये तुझ्या आत्याच्या लग्नासाठी विकली. आप्पांनी आदल्या रात्री तिचे दोन्ही कार्बोरेटर जुळवले, नळी माझ्या कानात दिली आणि मी मान डोलावली.

तू सातवीत असताना शाळेने आजोबांवर निबंध सांगितला होता. तू वही घेऊन माझ्याकडे आलीस आणि मी तुला सांगितले, “सैन्यात होते, नंतर गॅरेजमध्ये होते, गाड्यांची आवड होती.” तू आणखी विचारलेस तेव्हा मी हात धुवायला गेलो. वॉश बेसिनच्या आरशात मला आप्पा दिसले, अगदी तसेच उभे. त्यांच्या गप्प राहण्याला त्यांनी मोजलेली किंमत होती. माझ्याकडे तसे काहीच नव्हते, मी केवळ त्यांची सवय उचलली होती. तुझ्या निबंधाला दहापैकी सहा गुण मिळाले. त्यातले चार माझ्याकडे उधार आहेत, ते या पत्राने फेडतो आहे असे समज.

वर्कशॉपमध्ये तू ज्या रबरी नळीने इंजिने ऐकायला शिकलीस ती त्यांचीच. तुझ्या बॅगेत ठेवणार होतो, पण ती आता कडक होऊन चिरू लागली आहे. प्रवासात मोडेल म्हणून इथेच खुंटीला ठेवली आहे.

माझे एक काम कर. थंडी सुरू होण्याआधी एखाद्या रविवारी बोलोन्यावरून लुगोला रेल्वेने जा. चौकातले स्मारक बघ. मग फोर्लीला भारतीय सैनिकांची दफनभूमी आहे, आणि ज्यांना अग्नी दिला त्या आपल्या लोकांची नावे तिथे स्मारकावर कोरली आहेत, तिथे जा. ते तिघे कोण हे आप्पांनी कधी सांगितले नाही, त्यांची नावे जांबोटीच्या बाजूची ती म्हातारी गेली तिच्याबरोबर गेली, म्हणून कुणाला शोधत बसू नकोस. जेवढी वाचता येतील तेवढी नावे वाच, मोठ्याने वाच, तिथे मराठी ऐकून बरीच वर्षे झाली असतील. आणि तिथून सेनिओवर जा. बांधावर चढायला आता भीती नाही. जिथे पूल असेल तिथून या काठाहून त्या काठाला साध्या चालीने चालत जा, पावले मोज, आणि किती भरली तेवढे मला लिहून पाठव. मार्कंडेयाची मी इकडे कंग्राळीच्या पुलावर मोजून ठेवली आहेत.

तुझा,
बाबा